हस्तदोहन, देशी गाईंचे

हस्तदोहन, देशी गाईंचे : दुभत्या गाईच्या कासेतील दूध हाताने काढण्याच्या क्रियेस हस्तदोहन आणि व्यवहारात धार काढणे असे म्हणतात. ‘दुह्’ ह्या संस्कृत धातूपासून दोहन, दुग्ध व त्यावरून दूध हे शब्द आले आहेत. ‘दुहिता’ (कन्या) ह्या शब्दाच्या यास्काने निरुक्तात दिलेल्या पर्यायी व्युत्पत्तींपैकी एक ह्याच धातूशी जोडलेली आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ती निर्विवाद मानीत नाहीत. तथापि धार काढणे हे घरातील मुलीचे काम होते, अशी समजूत फार जुनी आहे एवढे तिच्यावरून दिसते.

मोठ्या दुग्धशाळांत दोहन यंत्राने होते. घरच्या गोठ्यात एकदोन गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र आजही हात हेच दोहनाचे साधन आहे. पाठ्यपुस्तकांतून दोहनाची जी माहिती असते, ती बहुधा वासराशिवाय दूध देणाऱ्या विदेशी अथवा संकरित गाईंना उद्देशून असते. देशी गाईला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. देशी गाईच्या दोहनात वासरू हा तिसरा भागीदार असतो आणि प्रत्येक वेळी किती दूध घरात यावे व किती वासराच्या पोटात जावे, ह्याचा निर्णय धार काढणाऱ्याच्या हातून होत असतो. हस्तदोहनाचे तंत्र ह्या वाटणीभोवती घडलेले आहे. मराठवाड्यातील, विशेषतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील गोपालनात हे स्पष्टपणे दिसते.

गाईंचे प्रकार : धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. रब्बी ज्वारी हे येथील जुने मुख्य पीक असून तिचा कडबा हाच जनावरांचा वर्षभराचा आधार असतो. ह्या परिस्थितीत टिकून राहिलेल्या गाईंत देवणी, लाल कंधारी, खिल्लार आणि कोणत्याही ठरीव जातीत न बसणारी गावरान गाय ह्यांचा समावेश होतो. देवणी जातीचे नाव लातूर जिल्ह्यातील देवणी ह्या गावावरून पडले आहे. हे गाव ज्या उदगीर तालुक्यात होते, तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. गीर, डांगी व स्थानिक गुरे ह्यांच्या मिश्रणातून ही जात तयार झाली असे मानतात. रंगावरून तिचे वानेरा (पांढरे अंग, चेहऱ्याच्या बाजू काळ्या), शेवेरा (पांढऱ्या अंगावर काळे अनियमित ठिपके) व बालंक्या (जवळजवळ पूर्ण पांढरी) असे तीन प्रकार करतात. एका वेतात ती सरासरी सु. ८७० किग्रॅ. दूध देते. गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी मूळची नांदेड जिल्ह्याच्या कंधार भागातील. तिचे दूध ह्याहून कमी, एका वेतास सु. ६०० किग्रॅ. भरते. खिल्लार ही बैलांसाठी नावाजलेली जात असून वासराला पुरून उरेल एवढे दूध तिच्यापासून क्वचितच मिळते.

केरळातील वेचूर किंवा आंध्र प्रदेशातील पुंगनूर ह्या सु. एक मीटरपेक्षाही कमी उंचीच्या गाईंच्या अर्थाने मराठवाड्यातील गाई ठेंगण्या नाहीत. देवणी मध्यम बांध्याची आहे. गावरान गाय मात्र लहान चणीची, थोड्या चाऱ्यावर तग धरणारी व आखूड सडांची असते. धार काढण्याच्या दृष्टीने ह्या सर्वांत साम्य असे की, कास लहान, दूध थोडे आणि पान्हा वासरावर अवलंबून.

पान्हा : कासेत दूध असणे आणि ते हाती लागणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कासेचे चार स्वतंत्र कप्पे असून प्रत्येकास एक सड असतो. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. दूध तयार होते ते कासेतील असंख्य सूक्ष्म कोष्ठिकांत. त्यांपैकी थोडेच आपोआप खाली उतरून सडावरच्या पोकळीत साठते. बाकीचे कोष्ठिकांत व बारीक नलिकांत अडकून राहते. नुसते सड ओढून ते येत नाही. वासराने सडाला तोंड लावले, कासेला ढुशी दिली किंवा धार काढणाऱ्याने कास चोळली, म्हणजे तंत्रिकांमार्फत मेंदूकडे संदेश जातो. पोष ग्रंथीच्या पश्च खंडातून ऑक्सिटोसीन हे हॉर्मोन रक्तात मिसळते व ते कासेपर्यंत पोहोचताच कोष्ठिकांभोवतीच्या आकुंचनक्षम कोशिका आवळल्या जाऊन दूध खाली ढकलले जाते. ह्यास सु. एक मिनिट लागते. कास ताठते, सड भरून येतात. ह्यालाच मराठीत गाय पान्हावली किंवा तिने पान्हा सोडला असे म्हणतात. ‘पान्हा’ हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’ (पाझरणे) ह्यापासून आला आहे. दूध तयार होणे आणि ते सोडले जाणे ह्यांतील जो भेद शरीरक्रियाविज्ञानाने विसाव्या शतकात सिद्ध केला, तो ह्या शब्दाने फार पूर्वीच नोंदविला होता.

एली व पीटरसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या बाबतीत मूलभूत समजले जातात. त्यांनी गाईच्या कासेच्या एका अर्ध्या भागाच्या तंत्रिका तोडल्या, तरीही पान्हा दोन्ही भागांत सारखाच आला. तेव्हा पान्हा सोडविणारे द्रव्य रक्तातून येते हे उघड झाले. गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून तिला घाबरविले असता दूध येईनासे झाले. भीती, वेदना अथवा अनोळखी परिस्थिती ह्यांमुळे अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलीन स्रवते. कासेकडील रक्तपुरवठा कमी होतो व ऑक्सिटोसीनाचे कार्य अडते. गाय ‘पान्हा चोरते’ ती अशी. म्हणून तिला लबाड ठरवून मारणे हा उपाय नव्हे; त्याने पुढच्या वेळचाही पान्हा जातो. धार काढणारा माणूस बदलला, गोठ्यात परके कुत्रे आले, वेळ चुकली किंवा नखाने सड दुखावला की दूध घटते, हा सर्व गोपालकांचा अनुभव आहे.

ऑक्सिटोसिनाचा परिणाम फार वेळ टिकत नाही. सुमारे पाच ते आठ मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. धार त्या अवधीत संपली पाहिजे. पान्हा आल्यावर भांडे शोधावयास जाणाऱ्यास दूध कमी मिळते, ते ह्यामुळे. झेबू (वशिंडाच्या) वंशाच्या गाईंत सडावरची पोकळी लहान असल्याने पान्ह्याशिवाय मिळणारे दूध आणखी थोडे असते. युरोपीय वंशाच्या गाई अनेक पिढ्यांच्या निवडीमुळे केवळ कास धुण्याने, आंबोण दिसल्याने किंवा यंत्राच्या आवाजानेही पान्हावतात. देवणी किंवा कंधारी गाईची निवड त्या दिशेने झालेली नाही. ती मुख्यतः चांगला बैल देणारी माता म्हणून झाली. तेव्हा वासराच्या स्पर्शाशिवाय पान्हा न सोडणे हा तिचा दोष नसून तिच्या निवडीचा परिणाम आहे.

पद्धती : धार दिवसातून दोनदा, पहाटे व सायंकाळी, शक्यतो बारा तासांच्या अंतराने काढतात. गाय नेहमीच्या खुंट्याला बांधून तिच्यापुढे आंबोण ठेवतात. त्यात सरकीची अथवा करडईची पेंड, तुरीची चुणी, भुसा ह्यांपैकी घरात असेल ते असते. खोडकर गाईच्या मागील पायांना गुडघ्याच्या वर सैल दोरी घालतात. सवयीच्या गाईला तिची गरज नसते. आधी वासरू सोडतात. ते आळीपाळीने चारही सडांना तोंड लावते. कास ताठली आणि वासराच्या तोंडाशी फेस दिसू लागला म्हणजे त्यास ओढून गाईच्या तोंडापुढे, तिला ते चाटता येईल अशा बेताने बांधतात. नंतर कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने कोरडी करतात. अनेक घरांत वासराच्या लाळेने ओल्या झालेल्या सडांनीच धार काढण्यास प्रारंभ होतो; ही सवय सोडण्याजोगी आहे.

धार काढणारा गाईच्या एकाच ठरलेल्या बाजूस उकिडवा बसतो व चरवी दोन्ही गुडघ्यांत धरतो. गाईला बाजू बदललेली आवडत नाही. पहिल्या तीनचार धारा चरवीत न घेता वेगळ्या भांड्यात, शक्यतो काळ्या कापडावर घ्याव्यात. सडाच्या तोंडाशी साठलेले सूक्ष्मजंतू त्यांबरोबर निघून जातात आणि दुधात गुठळ्या, चिकटपणा किंवा रक्त असेल तर ते लगेच दिसते.

हाताने धार काढण्याच्या तीन रीती आहेत. मुठीच्या रीतीत अंगठा व तर्जनी ह्यांनी सडाचे मूळ आवळून वर जाणारे दूध अडवितात आणि मग मधले बोट, अनामिका व करंगळी क्रमाने मिटून सडातील दूध खाली दाबतात. मूठ सैल होताच सड पुन्हा भरतो. ह्यात सड ओढला जात नाही, फक्त दाबला जातो. वासराच्या चोखण्याशी ही रीत सर्वांत जवळची असल्याने ती उत्तम होय. चिमटीच्या रीतीत अंगठा व तर्जनी ह्यांत सड धरून वरून खाली निपटत आणतात. तिसऱ्या रीतीत अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबतात. ही रीत ग्रामीण भागात सर्रास आढळते, कारण तिने हात लवकर थकत नाही. परंतु सांध्याच्या टणक हाडाने सडाचे आतील अस्तर दुखावते, कालांतराने तेथे गाठ धरते व सड वाकडा होतो. चांगला गोपालक तिला टाळतो.

लहान चणीच्या गाईच्या बाबतीत खरी अडचण सडाच्या लांबीची असते. चार बोटांची पूर्ण मूठ बसण्यास सु. ६–७ सेंमी. लांबीचा सड लागतो. पहिलारू गावरान गाईचे सड एवढे लांब नसतात. तेथे पूर्ण मुठीऐवजी अंगठा व दोन किंवा तीन बोटे एवढ्यांचीच मूठ करावी लागते आणि अखेरीस चिमटीचा आधार घ्यावा लागतो. लहान हाताच्या व्यक्तीस हे काम अधिक साधते. घरोघरी ते बहुधा स्त्रियांकडे व वाढत्या मुलांकडे असण्यास इतर कारणांबरोबर हेही एक कारण असावे. दोन्ही हातांनी दोन सड एकाच वेळी धरून, एक हात दाबताना दुसरा सैल सोडून, लय न मोडता धार काढतात. हात दुधात बुडवून ओले करण्याची सवय सर्वथा वाईट. त्याने घाण चरवीत उतरते व थंडीत सडांना भेगा पडतात. फार कोरडेपणा वाटल्यास थोडे खाद्य तेल किंवा तूप बोटांस लावावे.

ताज्या दुधाला धारोष्ण म्हणतात. ते तसेच पिणे आरोग्यदायी असल्याची समजूत अद्याप टिकून आहे. क्षयरोग व ब्रूसेलोसिस हे गाईचे रोग कच्च्या दुधातून माणसास होऊ शकतात आणि दूध उकळल्याने हा धोका टळतो, हे लक्षात घेता ती समजूत सोडून देणेच योग्य.

वासराचा वाटा : येथे हस्तदोहनाचा सर्वांत नाजूक प्रश्न येतो. देवणी गाईचे वासरू जन्मतः सु. २० ते २२ किग्रॅ. वजनाचे असते. पहिल्या महिन्यात वासरास त्याच्या वजनाच्या सु. एक दशांश दूध रोज मिळाले पाहिजे, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे रोज दोन लिटरांहून थोडे अधिक. सर्वसाधारण देवणी गाय दिवसाला ३ ते ४ लि. दूध देते. तेव्हा घराच्या वाट्यास सु. एक ते पावणेदोन लिटर उरतात, आणि गावरान गाईच्या बाबतीत एखादा तांब्याही उरत नाही. धार काढणाऱ्याने अर्धा लिटर जास्त ओढले तर घरातल्या चहाला ते दिसते. वासराच्या अंगावर त्याचा परिणाम दिसण्यास मात्र महिने लागतात. केस राठ होणे, पोट सुटणे, माती चाटणे ही उपासमारीची लक्षणे होत. असे वासरू जगले तरी त्याचा चांगला बैल होत नाही, कालवड असल्यास ती उशिरा माजावर येते.

व्याल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील चीक हा सर्वस्वी वासराचा हक्क समजावा. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि जन्मानंतर काही तासांतच वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती घटू लागते. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही पुष्कळ ठिकाणची रूढी म्हणूनच घातक आहे. वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस करण्यास हरकत नाही.

वाटणीची परंपरागत रीत सोपी आहे. प्रारंभी दोन सड वासराला व दोन घराला. वासरू दोनअडीच महिन्यांचे होऊन चारा चघळू लागले की एक सड वासराला व तीन घराला. पुढे केवळ पान्ह्यापुरते तोंड लावणे व शेवटी उरलेले चोखणे. ह्या रिवाजात एक शास्त्रीय तथ्य दडलेले आहे. कासेतील दुधाचा स्निग्धांश सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखा नसतो. पहिल्या धारांत तो एकदोन टक्क्यांपर्यंत खाली असतो, तर अखेरच्या निपटलेल्या दुधात त्याच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही अधिक भरतो. स्निग्ध कण कोष्ठिकांत अडकून राहतात व शेवटी बाहेर पडतात. वासरू अखेरीस पीत असल्याने थोड्या दुधातही त्याला भरपूर ऊर्जा मिळते. शिवाय हाताने कितीही निपटले तरी काही दूध कासेत उरतेच. ते वासरू काढून घेते. उष्ण कटिबंधात झेबू व तिच्या संकरित गाईंवर झालेल्या अनेक अभ्यासांत अशा मर्यादित पाजण्याने स्तनशोथाचे प्रमाण घटते आणि वेताचे एकूण दूध कमी होण्याऐवजी बहुधा वाढते असे दिसून आले आहे.

अडचण येते ती दूध विकताना. महाराष्ट्रात गाईच्या दुधाच्या खरेदीचा दर दीर्घकाळ ३·५ टक्के स्निग्धांश व ८·५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ ह्या प्रमाणाशी बांधलेला आहे. देशी गाईचे पूर्ण दूध ह्या कसोटीस सहज उतरते. देवणीच्या दुधातील स्निग्धांश चार टक्क्यांच्या वर असतो. परंतु अखेरचे दाट दूध वासराने प्यायल्यास संकलन केंद्रावर पोहोचणारे दूध पातळ ठरते व भाव तुटतो. त्यामुळे दूध विकणारा शेतकरी शेवटपर्यंत निपटून मग वासरू सोडतो. वासराच्या तोंडी रिकामी कास येते. दुधात पाणी घातल्याचा संशय प्रामाणिक माणसावर येण्याचे हेही एक कारण आहे. ह्यावर सोपा मार्ग म्हणजे सडांची वाटणी : वासराचे दोन सड आरंभापासून वेगळे ठेवून उरलेले दोन पूर्ण निपटावेत. अशा वेळी दोघांनाही सारख्या प्रतीचे दूध मिळते.

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेला, महाराष्ट्रात गाईची पूजा वासरासह करतात आणि व्रत करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य करतात. व्रताचा धार्मिक अर्थ काहीही असो, वर्षातून एक दिवस तरी वासरू पोटभर पिते.

वासरू दगावल्यास : देशी गाईचे वासरू मेले की दूध पुष्कळदा एकाएकी बंद होते. पूर्वी मृत वासराच्या कातडीत पेंढा भरून त्याचे सोंग गाईपुढे ठेवीत. गाय ते चाटून पान्हावत असे. स्पर्शापेक्षा वास येथे निर्णायक असतो, त्यामुळे कातडीचा वास गेला की युक्ती निष्फळ ठरे. दुसरे वासरू लावणे, किंवा आंबोण आणि कास चोळणे ह्यांवर हळूहळू सवय लावणे हे अधिक चांगले मार्ग होत. त्यांस आठवडा-दोन आठवड्यांचा धीर लागतो.

गाईच्या योनीत हवा फुंकून पान्हा आणविण्याची फुंका नावाची क्रूर रीत शहरी गोठ्यांत प्रचलित होती. त्या भागाच्या ताणानेही ऑक्सिटोसीन स्रवते, म्हणून ती परिणामकारक ठरे. मात्र जनावर कायमचे वांझ होण्याचा धोका असे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार फुंका, तसेच दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास हानिकारक असे द्रव्य टोचणे, हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. ऑक्सिटोसिनाची रोजची सुई हे फुंक्याचेच आधुनिक रूप म्हणावे लागेल. सुईवर वाढलेल्या गाईला पुढे तिच्याशिवाय पान्हा येत नाही.

स्वच्छता व रोग : हस्तदोहनात हातच एका गाईचा रोग दुसरीस पोहोचवितो. स्तनशोथ (खेड्यांत ह्यास दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी टणक होते) हा सर्वांत नुकसानकारक रोग होय. धार संपल्यावर सडाच्या तोंडाशी असलेला आकुंचक स्नायू पूर्ण मिटण्यास सु. अर्धा तास लागतो. तेवढ्यात गाय शेणामुतात बसल्यास सूक्ष्मजंतू आत शिरतात. यासाठी धार काढल्यावर तिच्यापुढे ताजा कडबा टाकून तिला उभी ठेवावे आणि सड आयोडिनाच्या सौम्य विद्रावात बुडवावेत. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. दुखऱ्या सडाचे दूध न काढता तसेच ठेवल्याने रोग बळावतो. नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले व चरवी उन्हात वाळविलेली असली म्हणजे निम्मे काम झाले.

सडांवरील देवीच्या पुटकुळ्या धार काढणाऱ्याच्या हातावर उठतात, हे फार पूर्वीपासून माहीत होते. १७९६ मध्ये इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर ह्यांनी सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील अशाच पुटकुळीतील लस एका मुलास टोचली व त्यातून देवीविरुद्धच्या लसीकरणाचा पाया घातला गेला. हस्तदोहनाने वैद्यकास दिलेली ही देणगी सहसा ह्या विषयाच्या पुस्तकांत नोंदलेली नसते.

ऋतुमान व दुधाचा उपयोग : धाराशिव जिल्ह्यात पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोनतीन महिन्यांत हिरवा चारा मिळून दूध वाढते, फाल्गुनापासून ते उतरणीस लागते. मार्गशीर्ष अमावास्येस, लातूर-धाराशिव भागात येळवस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेळ अमावास्येला, शेतात ज्वारीच्या पिठाची व ताकाची अंबील सर्वांना वाढतात. त्यासाठी आधीपासून दूध विरजावे लागते; घरात दुभते असणे ही त्या दिवशी प्रतिष्ठेची बाब असते. जिल्ह्याच्या पश्चिमेस भूम तालुक्यात, कुंथलगिरी परिसरात, खव्याचा व पेढ्याचा धंदा वाढला तो दूध नासण्यापूर्वी दूरच्या बाजारात पोहोचविण्याची सोय नसल्यामुळे. त्यास लागणारे दूध मात्र मुख्यतः म्हशींचे व संकरित गाईंचे असते.

२०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ ह्या दुष्काळांत मराठवाड्यातील जनावरे चारा छावण्यांत नेऊन बांधावी लागली. पाण्यावाचून व हिरव्या चाऱ्यावाचून दूध घटणारच. पण अनोळखी जागा, परक्या जनावरांची गर्दी आणि मोडलेल्या वेळा ह्यांनी पान्हाही मोडतो. छावणीतून परतलेल्या गाईचा चारा सुधारला तरी दूध लगेच पूर्वपदावर येत नाही, ह्याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

बदलती स्थिती : सडावर आलटून पालटून दाब व निर्वात देणारी दोहनयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. दोनतीन लिटर दुधासाठी ती परवडत नाहीत. शिवाय वासराच्या साहाय्याने पान्हावणाऱ्या गाईस ती सोयीचीही नसतात. देशी गाईच्या हस्तदोहनाचा खरा प्रतिस्पर्धी यंत्र नव्हे, तर ट्रॅक्टर आहे. वासराचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो केवळ दयाबुद्धीने नव्हे, चांगले दूध प्यायलेला गोऱ्हा तीनचार वर्षांत नांगराला जुंपता येई, नाहीतर माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या (जि. लातूर) बाजारात चांगल्या किमतीस विकला जाई. आज दिलेले अर्धा लिटर दूध ही त्या बैलातील गुंतवणूक होती. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची मागणी घटली. महाराष्ट्रात गाईच्या हत्येस १९७६ च्या अधिनियमाने बंदी होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळू ह्यांनाही लागू झाली. त्यामुळे कामास न येणाऱ्या नर वासराला ग्राहक उरला नाही. अशा वासराच्या तोंडचे दूध सर्वांत आधी काढून घेतले जाते. कालवडीला सड सोडणारा शेतकरी गोऱ्ह्याच्या बाबतीत हात आखडतो, ही उघडपणे बोलली न जाणारी वस्तुस्थिती आहे. देवणी व लाल कंधारी जातींचे संवर्धन करण्याच्या योजना वळू व वीर्यमात्रा ह्यांवर भर देतात. तो आवश्यकच आहे. परंतु चांगल्या वळूची निवड करण्यास चांगली वाढलेली नर वासरे लागतात आणि ती वाढतात की खुरटतात, हे गोठ्यात पहाटे ठरते.

जर्सी व होल्स्टीन ह्यांच्या संकरित गाईंनी दुधाचे मान अनेक पटींनी वाढविले हे खरे. त्यांच्या वासरास जन्मापासून वेगळे ठेवून भांड्याने दूध पाजता येते, म्हणून वाटणी मोजूनमापून करता येते. देशी गाईसही पहिल्या वेतापासून वासरू न दाखविता दूध देण्याची सवय लावता येते. परंतु त्यात यश सर्व गाईंत सारखे येत नाही आणि पुष्कळ गाई वेत अर्ध्यावरच आटवितात.

आटविणे : गाय पुन्हा गाभण राहून सात महिने होत आले की धार थांबवावी. विण्यापूर्वी सु. साठ दिवस कासेस विश्रांती मिळाल्यास तिच्या दूधनिर्मिती करणाऱ्या पेशी नव्याने भरून येतात आणि पुढील वेताचे दूध व चीक दोन्ही चांगले उतरतात. देशी गाय बहुधा आपणहून भाकड होते. न झाल्यास प्रथम आंबोण बंद करतात, वासरू तोडतात, मग धार दिवसातून एकदा व नंतर एक दिवसाआड काढतात. शेवटच्या वेळी कास पूर्ण निपटून, सड विद्रावात बुडवून, गाय स्वतंत्र कोरड्या जागी बांधतात. त्यानंतर तीनचार दिवस कास फुगलेली व ताठ दिसते. तिला हात लावण्याचा मोह टाळावा लागतो, कारण एकदा जरी धार काढली तरी दूध पुन्हा उतरू लागते. आठवड्याभरात कास आपोआप सैल पडते.